गुंफाबाईचा शर्ट

आज कापसाच्या कुठल्याही वावरात जा, वेचणाऱ्या बाईच्या अंगात शर्ट दिसेल. साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पऱ्हाटीची वाळलेली बोंडं सुईसारखी टोचतात, हात ओरबाडून काढतात. शर्ट असला की बाई निभावून नेते. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या गावात हे पहिल्यांदा जिनं केलं, तिचं नाव गुंफाबाई. गावानं तिचं काय केलं ते मी पाहिलं आहे. तिनं काय केलं तेही पाहिलं आहे, आणि त्यातलं कुठलं जास्त वाईट हे मला या वयातही ठरवता आलेलं नाही.

मी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. जिल्ह्याचा गोरा साहेब वर बुलढाण्याला बसायचा, थंड हवेत. आम्ही घाटाखालची माणसं. गाव संग्रामपूरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, काळ्या जमिनीचं. बाजारहाट शेगावला. घरची शेती मोठी होती आणि वेचणीच्या दिवसांत माझ्या सासूबाई स्वतः धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली देखरेखीला बसत. पहिल्याच वर्षी त्यांनी मलाही बरोबर नेलं. बाया ओळीनं वेचत होत्या. त्यांतली सगळ्यात पुढची बाई ओटीतला कापूस रिकामा करायला आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि न विचारता माझे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहू लागली. उंच, हाडापेरानं मजबूत, मिशरीनं दात काळे.

"मालकीनबाई," ती सासूबाईंना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हे हात कायले आनले वावरात? हे तं पानाच्या डब्ब्याचे हात हायेत. उगाच ऊन लागंन त्यायले."

बाया हसल्या. सासूबाईही हसल्या. मी त्या रात्री रडले, असं लिहायला हवं. पण मला खरं तर राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला. त्या रागापायीच मी तिच्याकडे इतकं लक्ष देऊन पाहत राहिले.

गुंफाबाईचा हात वेचणीला असा चालायचा की डावा आणि उजवा हात दोन वेगळ्या बायांचे वाटावेत. बाकीच्या बाया गाणी म्हणत, ती म्हणत नसे. कोणी गाणं चुकलं तर मात्र ओरडून दुरुस्त करी. मूलबाळ नव्हतं. एकदा वेचणीत एका बाईला आपलं गेलेलं लेकरू आठवलं आणि ती पऱ्हाटीत उभ्या उभ्या रडू लागली. सगळ्या थांबल्या. गुंफाबाई मागं न पाहता म्हणाली, "रडाचं असंन तं धुऱ्यावर जाऊन रड व. इथं कापूस भिजते." ती बाई हे वाक्य मरेपर्यंत विसरली नाही.

तिच्या दारात एक भुरकी कुत्री असे. गुंफाबाई आपल्या भाकरीतला पहिला तुकडा तिला टाकी. कुत्रीनं मुकाट्यानं खाल्लं तर ठीक. शेपूट हलवलं की लाथ बसे. "खाय, पन हालवू नको," असं ती त्या जनावराला अगदी शांतपणे समजावून सांगे. कुत्रीलाही ते कळलं होतं. शेपूट पायांत घट्ट दाबून जेवणारी कुत्री मी जन्मात तेवढी एकच पाहिली.

ही लाथ खरी कोणासाठी होती, ते कळायला तिचा नवरा पाहायला हवा होता.

संपत हा बुटका, गोड बोलणारा, उगीचच हात जोडणारा माणूस. त्याचा एक डोळा पांढरा पडलेला होता. लग्नानंतरची काही वर्षं नवराबायको बुलढाण्याला साहेबलोकांच्या टेनिसच्या मैदानावर कामाला होते. संपत जाळी बांधायचा, चेंडू आणून द्यायचा, एखादा साहेब आला नाही तर समोर उभा राहून खेळायचादेखील. गुंफाबाई मैदानावर पाणी मारायची आणि रूळ ओढायची. तिथून परतताना संपतनं तीन गोष्टी आणल्या: तोडकंमोडकं इंग्रजी, तो पांढरा डोळा आणि एक शर्ट.

शर्ट पांढरा, जाड विणीचा, लांब बाह्यांचा होता. त्याच्या कॉलरच्या दोन्ही टोकांना बारीक काजं होती आणि ती टोकं खाली छातीवरच्या बटणांत अडकवलेली असत. असला प्रकार गावात कोणी पाहिलेला नव्हता. ती बटणं कशासाठी, हे मला फार उशिरा माझ्या यजमानांनी सांगितलं. घोड्यावर बसून पोलो खेळणारे साहेब भरधाव निघाले की कॉलर वाऱ्यानं तोंडावर फडफडायची, म्हणून ती बांधून टाकत. पुढं तोच शर्ट टेनिसला आला, टेनिसवरून क्लबात, क्लबातून कचेरीत. संपतला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "याचे कान बांधेल हायेत. साहेबाच्या कानावर वारा पडू नाई म्हनून." गावात त्या शर्टाला 'कानबांध्या' हेच नाव पडलं.

संध्याकाळी पारावर तो शर्ट घालून संपत आपली गोष्ट सांगायचा.

"चेंडू लागला डोळ्याले. साहेब पयतच आला. म्हने, संपत, गुड मॅन! अन् तिथल्या तिथं आंगातला शर्ट काढून देल्ला मले. घामानं वला होता! मडमा पाहून राह्यल्या होत्या, पन साहेबानं लाज नाई धरली."

एकदा तो हे सांगत असताना गुंफाबाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

"सांगतोस तं पुरं सांग ना," ती म्हणाली.

"जाय व तू," संपत हसत म्हणाला.

"पाव्हने आले होते साहेबाचे," घागर तशीच डोक्यावर ठेवून ती पारावरच्या माणसांना सांगू लागली. "त्यायले मजा पायजे होती. याले उभा केला जाळीपाशी. सांगतलं, हालाचं नाई. अन् इकडून एकेकानं चेंडू माराचा, याच्या डोक्यावरची टोपी कोन उडवते ते पाहाचं. म्या रूळ वढून राह्यली होती. म्या पाह्यलं. चेंडू डोळ्यावर येऊन राह्यला, याले दिसून राह्यला, अन् हा हालला नाई. हालू नको म्हनलं होतं ना साहेबानं!"

तिनं डोक्यावरची घागर नीट केली.

"अन् शर्ट आंगातला नाई देल्ला. दुसऱ्या रोजी नोकराच्या हातानं पाठवला, धुतेलबी नव्हता. अन् संगं निरोप, का एका डोळ्याच्या मान्साले चेंडू दिसत नाई, घरी जाय."

ती निघून गेली. संपत हसतच होता. त्याला हसण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्याचा चांगला डोळा मात्र ती गेली त्या बाजूला वळला नाही. पुढच्या आठवड्यात तो पारावर तीच गोष्ट पुन्हा तशीच सांगू लागला, आणि लोकही तशीच ऐकू लागले. गुंफाबाईची खरी गोष्ट कोणाला नको होती. साहेबानं अंगातला शर्ट काढून दिला, हे ऐकायलाच बरं वाटायचं.

पाहता पाहता तो शर्ट गावभर झाला. गावात रहीमचाचा म्हणून शिंपी होते. तरुण पोरं त्यांच्याकडं जाऊन तसलाच शर्ट मागू लागली. रहीमचाचांनी संपतकडून एक दिवसापुरता शर्ट मागून घेतला, माप उतरवलं, आणि नंतरच्या दिवाळीला गावातली निम्मी पोरं जाड्याभरड्या कापडाचे कानबांधे घालून हिंडत होती. पुढं म्हातारेही बंडी सोडून शर्ट घालू लागले. बैल हाकताना, बाजाराला जाताना, मौतीला जाताना शर्ट. साहेबाचा खेळण्याचा कपडा आमच्या शेणामातीत उतरला आणि कोणाचंही काही बिघडलं नाही, कारण घालणारे पुरुष होते.

एका पावसाळ्यात तापाची साथ आली आणि संपत आठवड्यात संपला. शेवटी शेवटी त्याला एकच ध्यास होता.

"मले तो शर्ट घालूनच न्या बरं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याचा धाकटा भाऊ नामदेव उशाशी बसलेला होता. त्यानं भावाला तसं वचन दिलं.

संपत गेला. नामदेव शर्ट मागायला आत गेला. गुंफाबाई शर्टाची घडी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"वयनी, दे. दादाची इच्छा होती."

"नाई देत."

"काऊन?"

"डोळा गेला, मानूस गेलं. आता कापडबी जाळू का? चांगलं मजबूत कापड हाये."

बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. मेलेल्या नवऱ्याची शेवटची इच्छा मोडणारी बाई आमच्या गावात कोणी पाहिलेली नव्हती. संपतला कोऱ्या मांजरपाटात नेलं. नामदेवानं त्या दिवशी जो दात धरला तो धरलाच.

त्या वर्षी वेचणी सुरू झाली त्या सकाळी गुंफाबाई वावरात आली ती लुगड्यावर संपतचा शर्ट घालून. बाह्या मनगटाशी बांधलेल्या, कॉलरची बटणं नीट लावलेली. निंबाखाली सासूबाईंच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

"गुंफे! काय सोंग केलं हे?"

"सोंग कायचं, बाई? हाताले टोचत नाई."

"अवं पण गडीमाणसाचा कपडा! रांडवबाईनं?"

"पऱ्हाटीले ठाऊक नाई ना, बाई, कोन गडी अन् कोन बाई. ते सगळ्यायले टोचते."

बाया हसून हसून बेजार झाल्या. दुपारपर्यंत तिचं नाव 'साहेबीण' पडलं. संध्याकाळी बाकीच्यांचे हात नेहमीसारखे रक्ताळलेले होते आणि साहेबिणीचे कोरडे. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा उघड्या हातांनी आल्या आणि पुन्हा हसल्या.

नामदेवाला ते झोंबलं. भाऊबंदांना गोळा करून तो तिच्या दारात गेला, आमच्या घरी येऊन सासऱ्यांनाही, तिला वेचणीला घेऊ नका, म्हणाला. सासरे म्हणाले, "तिच्याइतका साफ कापूस कोणी वेचत नाही. मला कापसाशी काम." नामदेवाचा इलाज चालेना. तो मग धुळवडीची वाट पाहत राहिला असावा.

धुळवडीच्या सकाळी गुंफाबाईच्या दोरीवरचा वाळत घातलेला शर्ट नाहीसा झाला. थोड्या वेळानं वेशीकडून डफडं वाजत आलं. मी सासूबाईंबरोबर माडीच्या खिडकीत उभी होते. पुढं गाढव. त्याच्या पुढच्या पायांत शर्टाच्या बाह्या चढवलेल्या, पाठीवर लुगड्याचं फाटकं धांदोटं, कपाळाला कुंकवाचा मळवट. गळ्यापाशी कॉलरची दोन्ही बटणं नीट लावलेली. ज्यानं कोणी ती लावली त्यानं मन लावून लावली होती. गाढवाच्या मागं नामदेवाचा मुलगा महादू आणि गावातली पोरं ओरडत होती, "साहेबीन आली, साहेबीन! नमस्ते करा साहेबिनीले!" त्या पोरांपैकी निम्म्यांच्या अंगात रहीमचाचांनी शिवलेले कानबांधेच होते.

दारादारांतून लोक गाढवावर रंगाचं पाणी फेकत होते. नामदेवाच्या दारात त्याची नवी सून, यमुना, उभी होती. महादूची बायको. पंधरासोळा वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. आपला नवरा एवढा पराक्रम करतो आहे हे पाहून ती पोर खुदखुदून हसली आणि तिनंही गडूभर पाणी फेकलं. नेमकी त्याच वेळी गुंफाबाई गर्दीतून पुढं आली.

डफडं थांबलं. गुंफाबाई ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं गाढवाच्या गळ्याजवळची बटणं काढली, एकेक पाय उचलून बाही सोडवली. गाढवही गप्प उभं राहिलं. शर्ट पिळून तिनं खांद्यावर टाकला. मग मान वर करून पाहिलं ते नामदेवाकडं नाही, महादूकडं नाही. यमुनेकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं मावळलेलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर वेचणी लागली. यमुनाही त्या वर्षी आमच्या वावरात येऊ लागली. पोटुशी होती, चौथा नाहीतर पाचवा महिना असेल. तिला कामाची सवय नव्हती, आणि कातडी नाजूक. थोड्याच दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत सुजले. ओरखड्यांत पू झाला. हळद लावून ती तशीच यायची, कारण सासू घरी बसू देत नव्हती.

एके दिवशी दुपारी भाकरी खाऊन बाया उठल्या तेव्हा यमुना गुंफाबाईजवळ गेली. नात्यानं गुंफाबाई तिची चुलतसासू.

"मोठ्या आत्या," ती म्हणाली, "आजचा दिस मले तुमचा शर्ट देता का? लय टोचून राह्यलं. सांजच्याले धुऊन देतो."

सगळ्यांचे कान तिकडं लागले. गुंफाबाईनं तिचे हात पाहिले. नीट पाहिले, जसे एकदा माझे पाहिले होते.

"गाढवाले माग," ती म्हणाली.

यमुना तिथंच उभी राहिली.

"तुह्या नवऱ्यानं त्याले घालून देल्ला होता ना? मंग त्याच्यापाशी माग. हासत माग, तुले हासता चांगलं येते."

यमुना परत आपल्या ओळीला गेली. सासूबाई कधी नव्हे त्या मला हळूच म्हणाल्या, "ही बाई माणूस नाही गं." पण उठून त्यांनीही काही केलं नाही, आणि मी त्यांच्यामागं पानाचा डबा धरून उभी होते.

चारपाच दिवसांनी यमुनेचा जबडा बसला. आधी तोंड उघडेना, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाऊ लागली. संग्रामपूरहून वैद्य आणला. तो म्हणाला, धनुर्वात आहे, जखमेतून झाला. कुठल्या जखमेतून, ते कोण सांगणार? तिच्या पायाला विळाही लागलेला होता म्हणे. पण गावानं कारण ठरवून टाकलं होतं. तिच्या किंकाळ्या दोन दिवस आमच्या घरापर्यंत यायच्या. तोंड मिटलेलं असताना माणूस कसा ओरडतो, ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्यासकट.

तिरडी बांधत होते तेव्हा गुंफाबाई नामदेवाच्या अंगणात आली. हातात शर्ट, धुतलेला, घडी केलेला. तिला वाट देण्यासाठी बाया सरकल्या, त्यात आदर नव्हता. ती प्रेताजवळ वाकली आणि शर्ट त्या पोरीच्या छातीवर ठेवू लागली.

नामदेवानं तिचा हात धरला.

"कायले आली?"

तिनं हात सोडवून घेतला नाही, शर्टही सोडला नाही.

"माह्या भावाले देल्ला नाई जायाले. माह्या सुनंले देल्ला नाई जित्तेपनी. आता मुडद्याले देतं का?" त्यानं शर्ट हिसकून गोठ्याकडं भिरकावला. तो शेणात पडला. "जाय. तुही सावली नोको पाडू तिच्यावर."

गुंफाबाई वळली आणि गेली. शर्ट उचलायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेचणीला आली ती नुसत्या लुगडंचोळीत, उघड्या हातांनी. आमच्या वावराला लागून नामदेवाची ज्वारी होती, दाण्यावर आलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं तर ज्वारीत अगदी आमच्या धुऱ्यालगत एक बुजगावणं उभं केलेलं. डोक्याला मडकं, दोन्ही बाजूंना हात पसरलेले आणि अंगात तो शर्ट. शेणाचे डाग तसेच. महादूनं उभं केलं होतं. पाखरांसाठी उभं केलं असतं तर शेताच्या मध्यावर केलं असतं.

गुंफाबाईनं ते पाहिलं. बायांना वाटलं, आता ही ते उपटून फेकेल नाहीतर वावर बदलून मागेल. सासूबाई आपण होऊन म्हणाल्यादेखील, "गुंफे, तू उद्यापासून त्या टोकाला वेच."

"काऊन, बाई? इथल्या बोंडायनं काय केलं?"

आणि ती त्याच धुऱ्यालगतची ओळ धरून राहिली. संबंध हंगामभर. वाऱ्यानं बुजगावण्याच्या बाह्या हलायच्या आणि ती त्याच्या पायाशी वेचत असायची. तिचे हात ओरबाडले जात होते, पिकत होते, खपल्या धरत होते. तिनं हळद लावली नाही. संध्याकाळी कापूस टाकायला यायची तेव्हा ओटीतल्या पांढऱ्या कापसावर तिच्या रक्ताचे ठिपके असायचे. ज्या बाईचा कापूस साफ म्हणून सासरे तिला सोडत नव्हते, तिच्यावर आता कापूस डागाळल्याबद्दल ओरडू लागले. तिनं ते ऐकून घेतलं. कोणाचं ऐकून घेताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि त्याच हंगामात, तिच्या डोळ्यांसमोर, बाकीच्या बाया शर्ट घालू लागल्या. यमुनेचं मरण पाहून सगळ्या हबकल्या होत्या. आधी एकीनं नवऱ्याचा फाटका कानबांध्या लुगड्यावर चढवला. मग दुसरीनं दिराचा, मग तिसरीनं पोराचा. दुसरं महायुद्ध संपून शेगावच्या बाजारात लष्करातल्या जुन्या कपड्यांचे ढीग येऊ लागले होते. तिथले खाकी शर्टही आले. कोणी हसलं नाही. कोणाला साहेबीण म्हटलं नाही. पोरीबाळींना आया सांगू लागल्या, "शर्ट घाल व, यमुनासारखं होईन." पुढच्या वेचणीपर्यंत आमच्या वावरात सगळी ओळ शर्टातली आणि एकटी गुंफाबाई उघड्या हातांची, असं उलटं चित्र झालं.

गुंफाबाईची जीभ मात्र थंड पडली नव्हती. पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना पाहून ती म्हणाली, "बरं दिसून राह्यलं. सगळ्याच साहेबिनी झाल्या. आता गाढवं किती आनाचे?"

 तिच्याशी बायांनी बोलणंच सोडलं होतं. पाणी पिताना तिचा गडू वेगळा ठेवायच्या.

मी तिला शेवटचं पाहिलं ते यमुना गेल्यावरच्या पुढच्या वर्षीच्या वेचणीत. माझ्या यजमानांना अकोल्याला नोकरी लागली होती, आम्ही त्याच महिन्यात गाव सोडणार होतो. नामदेवानं उन्हाळ्यात महादूचं दुसरं लग्न लावून टाकलं होतं. ही सून यमुनेहून लहान, अंगानं काडीसारखी. नाव मला आठवत नाही. त्या घरात तिला कोणी नावानं हाक मारत असेल असंही वाटत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा वेचणीला आली. उघड्या हातांनी. सगळ्या गावच्या बाया शर्ट घालत होत्या, पण नामदेवानं आपल्या घरात शर्ट बंद केला होता. त्या कपड्यानं आपलं घर बुडवलं, असं तो म्हणे.

गुंफाबाई आपली ओळ सोडून निंबाकडं आली. तिथं तिचं गाठोडं होतं. त्यातून तिनं एक शर्ट काढला. बाजारातल्या ढिगातला, खाकी, पण धुतलेला, आणि बाह्या कापून आखूड करून पुन्हा शिवलेल्या. एवढ्याशा हातांच्या मापाच्या. तो घेऊन ती त्या पोरीसमोर उभी राहिली.

"घाल."

पोर मागं सरली. "नाई. मामाजी मारतीन."

"घाल म्हनतो ना."

"तुमच्या हातचं काई घेऊ नोको म्हनलं मले. तुम्ही..."

गुंफाबाईनं तिच्या कानशिलात मारली. त्या काडीएवढ्या पोरीला, सगळ्यांसमोर, असा हात मारला की ती खाली बसली. बाया ओरडत धावल्या. सासूबाई उभ्या राहिल्या. गुंफाबाईनं कोणाकडं पाहिलं नाही. तिनं पोरीला दंडाला धरून उठवलं, तिचा एक हात मुरगाळून बाहीत घातला, मग दुसरा. पोर हमसून हमसून रडत होती, हात सोडवत होती. गुंफाबाईचे स्वतःचे हात कोपरापर्यंत व्रणांनी आणि खपल्यांनी भरलेले होते, आणि त्या झटापटीत त्यांतल्या काही निघून रक्त येऊ लागलं. ती खालपासून एकेक बटण लावत वर आली. गळ्याचं बटण लावताना तिचं बोट अडकलं, तेव्हा पोरीची हनुवटी तिनं वर केली, अगदी हलक्या हातानं, आणि बटण काजात बसेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"नामदेव मारंन तुले सांजच्याले," ती म्हणाली. "मारू दे. मारानं कोनी मरत नाई. त्याले सांग, गुंफीनं घालून देल्ला. अन् उद्या घालून नाई आली, तं म्या बी मारन."

मग तिनं पोरीला पाठीत ढकलून ओळीला लावलं आणि आपण तिच्या बाजूची ओळ धरली. पोर खाकी बाहीला नाक पुसत वेचू लागली. आम्ही घरी निघालो तेव्हा ऊन कलत होतं. मागं वळून पाहिलं तर दोघी ओळीच्या टोकाशी पोचल्या होत्या, आणि गुंफाबाई तिला शिव्या घालत होती, की असा नाही, दोन्ही हातांनी वेच, दोन्ही हातांनी.